शेजारच्या स्टुलापुढचा चहा

यंदा ऑक्टोबरात फोन पुन्हा वाजायला लागला आणि मी ओळखलं, हंगाम आला.

आंब्याचा हंगाम असतो, भाताचा असतो, लग्नांचा असतो. माझा हंगाम मंदीचा. कंपन्या बंद पडल्या की त्यांच्या टेबल-खुर्च्या विकायला निघतात, आणि जुनं ऑफिस फर्निचर उचलून विकणं हा माझा धंदा आहे. लोक टीव्हीवर बातम्या बघून हळहळतात, तेव्हा मी ट्रकमध्ये डिझेल भरत असतो. कुणाला हे निर्दय वाटलं तर वाटू दे. मालवणात आमच्या घराशेजारी कोळणींची वस्ती होती. मासे मेले म्हणून रडत बसलेली कोळीण मी एकही पाहिली नाही. मी बंद पाडलेली कंपनी एकही नाही. मी फक्त शेवटी जातो आणि दिवे मालवायच्या आत खुर्च्या बाहेर काढतो.

असा भरून आलेला हंगाम मी याआधी एकदाच पाहिला होता, २००१ च्या अखेरीला. तेव्हा फ्रीमाँटपासून सॅन होजेपर्यंत रोज कुठलं ना कुठलं ऑफिस रिकामं होत होतं. नवे कोरे गालिचे आणि त्यांच्यावर चाकांच्या खुणा. कॉफी मशीनच्या तळाशी वाळलेली कॉफी. पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी काढलेला, वर वर जाणारा बाण. फळा आम्ही बाणासकट उचलायचो. बाहेर डोंगर पिवळ्याचे हिरवे व्हायला लागलेले असायचे. इथले डोंगर उलटे आहेत, उन्हाळ्यात वाळतात आणि थंडीत हिरवे होतात. पहिली काही वर्षं मला हे पटायचंच नाही. आता डोंगर हिरवे दिसले की हात आपोआप मोजायचा टेप काढतात.

परवा गॅरेजमध्ये मी एका टेबलाला पॉलिश करत होतो. केतकी, माझी मुलगी, कॉलेजातून शनिवार-रविवारसाठी घरी आली होती. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, what is that? You're always humming that."

"गाणं आहे. जपानी."

"You know a Japanese song?"

"शब्द येत नाहीत. चाल येते."

तिनं थोडं ऐकलं आणि म्हणाली, "It sounds like a really sad elevator."

लिफ्टला कसलं दुःख होणार, असं मी तिला विचारणार होतो. पण ती गेली होती, आणि मी पुन्हा तेच गुणगुणत होतो. मग पॉलिशचा बोळा हातातच राहिला. हे गाणं माझ्या तोंडी कधी येतं ते माझं मलाच कळलं होतं.

ते गाणं असं. सुरुवातीला सॅक्सोफोन, अगदी सावकाश, जसा एखादा माणूस खुर्चीवर बसण्याआधी कोट काढतो. मग एका पुरुषाचा आवाज, किंचित घोगरा. तो ओळीच्या शेवटी थरथरतो, पण रडत नाही. तोल सांभाळतो. मधे एका ठिकाणी कॅसेटची फीत जुनी झालेली असल्यामुळे आवाज क्षणभर पाण्यात बुडतो आणि वर येतो. माझ्या डोक्यात ते गाणं त्या डुबकीसकटच बसलं आहे. पुढे कधी चांगल्या प्रतीतलं ऐकायला मिळालं तर मला ते चुकीचं वाटेल.

मी एकदा अर्थ विचारला होता. मावशी म्हणाल्या, "रेन. हार्बर. मॅन ड्रिंकिंग. लेडी नॉट कमिंग."

"अँड देन?"

"देन, सेकंड व्हर्स," त्या म्हणाल्या. "मोअर रेन."

मावशी म्हणजे हे गाणं मी जिथं ऐकलं त्या जपानी हॉटेलच्या मालकीणबाई. त्यांची जपानी गिऱ्हाइकं त्यांना 'मामा' म्हणत. आमच्याकडे मामाला मिशा असतात, म्हणून मी पहिल्या आठवड्यापासून मावशी म्हणायला लागलो. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, आईची बहीण. त्या बराच वेळ मान हलवत राहिल्या. त्या दिवशी माझ्या भातावर तिळाची चिमूट जरा जास्त पडली.

पण मी त्या हॉटेलात एकटा का जेवायला लागलो, ते आधी सांगायला हवं. ते सांगायचं तर सुधाकरचं नाव घ्यावं लागतं, आणि त्याचं नाव घेतलं की माझं रक्त अजूनही तापतं.

सुधाकर कुडाळचा. मी मालवणचा. फ्रीमाँटमध्ये एका सत्यनारायणाला आमची ओळख झाली. तिथं सगळे कॉम्प्युटरवाले, व्हिसा आणि प्रमोशनच्या गोष्टी चाललेल्या, आणि आम्ही दोघं कोपऱ्यात चपला सांभाळल्यासारखे उभे. मी तेव्हा गोदामात काम करत होतो, तो एका छापखान्यात. वर्षभरात आम्ही भाड्याचा ट्रक घेऊन धंदा सुरू केला. निम्मा माझा, निम्मा त्याचा.

मोठं टेबल दोघांनी उचलायचं म्हणजे एकाला उलटं चालावं लागतं. पाठ दाराकडे, तोंड जोडीदाराकडे. पुढे काय आहे ते जोडीदार बघतो आणि सांगतो, "पायरी", "डावीकडे", "थांब". उलटं चालणाऱ्यानं त्याच्या डोळ्यांवर विसंबायचं. मी नेहमी उलटा चालायचो. इतकी वर्षं, कितीतरी जिने, आणि मी एकदाही पडलो नाही. सुधाकरबद्दल चांगलं काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन, आणि तेही कुणी फार खोदून विचारलं तर.

२००१ सालच्या गणपतीत, हॉलमध्ये आरती झाली, मी प्रसादाच्या ताटातला मोदक उचलला, आणि मंडळाचे एक काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय दिगंबरराव, ऐकलं की! सुधाकरला छान नोकरी लागली. परमनंट, इन्शुरन्ससकट. मधे थोडे दिवस तुम्हाला मदत करत होता म्हणाला."

मला त्या क्षणापर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. ज्या कंपनीचा अर्धा मजला आम्ही दोघांनी रिकामा केला होता, त्याच कंपनीनं त्याला इमारतीची आणि सामानाची व्यवस्था बघायला ठेवून घेतलं होतं. मी वरच्या मजल्यावर कपाटं मोजत होतो तेव्हा हा खाली मुलाखत देत होता. नोकरी घेतली म्हणून मला राग नाही. इन्शुरन्स कुणाला नको असतो? त्याच्या घरी आजारी आई होती. पण माझ्याआधी मंडळाला सांगितलं? आणि मदत? निम्मा ट्रक, निम्मा घाम, निम्मी पाठदुखी, आणि त्याला हा माणूस लोकांसमोर 'मदत' म्हणतो? उचललेला मोदक मी आयुष्यात पहिल्यांदाच ताटात परत ठेवला.

त्याचे फोन आले. मी घेतले नाहीत. मग ते यायचे थांबले.

माझी बायको शैला दुपारचा डबा दोघांचा भरायची. एकाच मोठ्या डब्यात वरच्या खणात माझ्या पोळ्या, खालच्यात त्याच्या भाकऱ्या, मधे भाजी आणि सोलकढीची बाटली. भांडणानंतर तिनं सवयीनं तसाच डबा भरला. मी ट्रकमध्ये बसून वरचा खण संपवला आणि खालचा खण घरी परत आणला. तिनं तो उघडून बघितला आणि भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. ते मला पुन्हा बघायचं नव्हतं. "उद्यापासून डबा नको," मी म्हटलं, "दुपारी गिऱ्हाइकांबरोबर बाहेर जेवण असतं."

"रोज?"

"धंदा वाढलाय."

तर असं. मिलपिटासला ड्रायक्लीनर आणि विमा एजंटाच्या मधे ते हॉटेल होतं. बोर्डावर जपानी अक्षरं आणि खाली 'लंच'. मी काही जपानी खाण्याच्या शोधात नव्हतो. सिग्नलला ट्रकची काच खाली केली आणि बांगडा भाजल्याचा वास आला. फ्रीवेच्या कडेला, परक्या मुलखात, भर दुपारी, मीठ लावून आचेवर धरलेल्या बांगड्याचा वास. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मी उजवीकडे वळलो.

आत एक लांब लाकडी काउंटर आणि त्यापुढे थोडी उंच स्टुलं. बसलेले सगळे एकेकटे. एक म्हातारा जपानी माळी, गुडघ्यांना माती. एक टपालवाला. एक बाई, कानावर पेन्सिल खोवलेली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. आपल्याकडे हॉटेलात एकटा माणूस शिरला की वेटर मागे बघून विचारतो, "एकटेच?" जणू बाकीचे वाटेत मेले. इथं कुणी विचारलं नाही. त्या सप्टेंबरात ते दोन मनोरे पडल्यापासून दुकानांतून लोक माझ्या चेहऱ्याकडे एक क्षण जास्त बघत. या काउंटरवर सगळे फक्त आपापल्या वाडग्यात बघत होते.

बांगडा आला. सालीवर काळपट फोड, बाजूला किसलेला मुळा, आसट भात, आंबवलेल्या सोयाबीनचं पातळ सार. काड्यांनी मला जमणार नव्हतं. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि गरम पाण्यात पिळलेला छोटा टॉवेल पुढे केला. म्हणजे हातानं जेवा. मग वरच्या फळीवरच्या टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि ते गाणं लागलं.

माझी आई मालवणात खानावळ चालवायची. एसटीचे ड्रायव्हर, शाळामास्तर, कोर्टाच्या कामाला आलेली माणसं पंगतीला बसत, आम्ही पोरं वाढायला. आमचं जेवण सगळ्यांच्या मागून, आणि तेही एकत्र. कधी मी उशिरा आलो आणि एकटाच बसलो तर आई म्हणायची, "एकट्यानं जेवू नये. कुणी नसेल तर मुंगीला बोलाव." मग पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवायचा. तो मुंगीनं खाल्ला की कावळ्यानं, हे बघायला कधी कुणी थांबलं नाही. घास काढला की आपण एकटे नाही, एवढंच.

ते बोटांत भिनलेलं होतं. मावशींच्या काउंटरवरही मी पहिला घास उचलला आणि बशीच्या बाजूला, शेजारच्या रिकाम्या स्टुलाच्या दिशेला ठेवला. रोज ठेवत गेलो.

काही दिवसांनी एका दुपारी मावशींनी माझ्यापुढे चहा ठेवला, आणि दुसरा कप शेजारच्या रिकाम्या स्टुलापुढे ठेवला.

मला वाटलं, कुणी येणार असेल. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन कप. मी धंदेवाला माणूस. न मागितलेली वस्तू पुढ्यात आली की पहिला संशय बिलाचा येतो. माझा आवाज चढला. मी एकच चहा मागितलाय, एकाचेच पैसे देणार, ही काय पद्धत झाली, असं मी इंग्रजीत जमेल तेवढं कडकडून बोललो. माळीबुवांनी वाडगा खाली ठेवला. टपालवाला थांबला.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "नो चार्ज."

फुकट मिळालेल्या वस्तूवर घासाघीस कशी करणार? मी विचारलं, मग कुणासाठी आहे हा?

त्यांनी मी बाजूला काढलेल्या घासाकडे बोट दाखवलं. "युअर पर्सन," त्या म्हणाल्या. "ट्रॅव्हलिंग."

मग त्यांच्या मोडक्या आणि माझ्या त्याहून मोडक्या इंग्रजीतून उलगडा झाला. त्यांचे वडील जहाजावर होते, महिनोन् महिने दूर. आई रोज त्यांच्या जागेवर ताट मांडायची. भात, सार, चहा. घरचं माणूस प्रवासात असलं की घरी त्याचं ताट मांडायचं, म्हणजे ते तिकडे उपाशी राहत नाही. त्यांच्याकडची जुनी रीत. मी रोज घास काढतो हे बघून त्यांना वाटलं, माझंही कुणीतरी लांबच्या प्रवासाला गेलंय, आणि मी बिचारा त्याला बशीभर भातातला एक घास देतोय. निदान चहा तरी असावा.

"युअर फादर," मी विचारलं, "केम बॅक?"

"केम बॅक," मावशी म्हणाल्या, आणि दोन्ही हातांनी पोटाचा घेर दाखवला. "व्हेरी फॅट."

मी हसलो. ट्रकमध्ये जाऊन बसलो आणि मग माझं डोकं फिरलं. माझं कोण प्रवासाला गेलं होतं? घरी बायको ठीक, पोर ठीक. माझ्या शेजारी दुपारी बसून जेवणारा एकच माणूस गेला होता, तोही ट्रकच्या सीटवरून उठून ऑफिसच्या खुर्चीत, इथून तीन सिग्नलांवर. म्हणजे मी बांगडा खातोय, आणि त्या रीतीप्रमाणे पोट भरतंय सुध्याचं! आणि वर फुकटचा चहा!

दुसऱ्या दिवशी मी घास काढला नाही. मावशींनी चहा ठेवला, तो मी हातानं मागे सारला. अर्धं जेवण बशीत टाकून मी उठलो. भात तोच, बांगडा तोच. असे काही दिवस गेले. पंगतीत कुणाला तरी ताटावरून उठवल्यासारखं वाटायचं. शेवटी एका दुपारी पाऊस पडत होता, बाहेर पार्किंगमध्ये माझा ट्रक भिजत होता, वर ते गाणं चालू होतं, दुसरं कडवं, मोअर रेन, आणि माझ्या बोटांनी मला न विचारता घास उचलून बाजूला ठेवला. मी मनात म्हटलं, खाऊ दे लेकाला. निदान लोकांना सांगेल तरी की दिगंबर जेवायला मदत करतो.

त्यानंतर चहा माझ्याकडून कधी मागे सारला गेला नाही.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हिवाळा होता, असं मी आज म्हणेन. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. सकाळभर मेलेल्या ऑफिसांतून मी खुर्च्या बाहेर काढायचो, भाव पाडायचो, आवाज चढवायचो, उसासे टाकायचो. उसासा हे माझं हत्यार आहे. टेबल हलवून बघायचं, मग खालून बघायचं, मग असा उसासा टाकायचा की विकणाऱ्याला आपल्या टेबलाची लाज वाटावी. आणि दुपारी त्या काउंटरवर बसलं की भाव करण्यासारखं काही उरायचंच नाही. बांगड्याचा भाव पाटीवर लिहिलेला. चहा फुकट. शेजारी कुणी नाही म्हणून शेंडी लावणारंही कुणी नाही. एकट्यानं जेवताना मला पहिल्यांदा चव कळली. खानावळीत वाढलेल्या पोराला चव कळत नाही, गर्दी कळते. मुळा आधी गोड लागतो, तिखटपणा मागून येतो, हे मला वयाच्या पंचेचाळिशीत कळलं. भात कोमट झाला की जास्त गोड लागतो, हेही. आणि न कळणाऱ्या भाषेतलं गाणं ऐकण्यात एक सोय असते. आपलं दुःख त्याला मापात बसतं, कारण त्याच्या मापाची पट्टी आपल्याला वाचताच येत नाही.

ते रात्रीचं गाणं होतं. दारूचं, बंदराचं. मी ते कायम दुपारी ऐकलं, मुळ्याबरोबर. रात्री ते कसं वाटतं, मला माहीत नाही.

मावशींची दोन स्टुलं डुगडुगायची, माझं आणि माझ्या शेजारचं. बंद पडलेल्या एका कंपनीच्या कॅफेटेरियातून मी तशाच उंचीची दोन चांगली स्टुलं आणून ठेवली. त्या पैसे द्यायला लागल्या. मी म्हटलं, "नो चार्ज." त्या हसल्या. एक पैसाही न घेता मी घासाघिशीत हरलो आणि मला त्याचं सुख झालं, असं तेवढं एकदाच.

पुढे बाजार सावरला. कंपन्या पुन्हा उघडल्या, मी तीच टेबलं त्यांना परत विकली. माझा स्वतःचा ट्रक झाला, मग दुसरा, हाताखाली माणसं आली. मावशींकडे जाणं रोजचं राहिलं नाही, आठवड्यातून एकदा झालं. पण दोन कप ठरलेले. मावशी कधीतरी विचारायच्या, "स्टिल ट्रॅव्हलिंग?" मी म्हणायचो, "स्टिल." शैलाला सगळं ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं डब्याचा विषय पुन्हा काढला नाही, पण तो मोठा डबा टाकूनही दिला नाही.

या ऑक्टोबरात एका संध्याकाळी ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, देवळात मीना भेटली होती." मीना म्हणजे सुधाकरची बायको. "सुधाकरभाऊजींची कंपनी बंद होतेय. महिनाअखेर शेवटचा दिवस."

"बरं."

"फोन करा एक."

"त्यानं करावा."

"त्यांनी केले होते."

मी आणखी एक पोळी वाढून घेतली. दोन दिवसांनी त्याच कंपनीकडून फोन आला. आवाज कुणा मुलीचा होता. सगळं फर्निचर काढायचंय, येऊन बघाल का? मी टेप घेतला आणि गेलो.

मला दारात घ्यायला सुधाकरच आला. इमारतीचं सामान बघणारा माणूस तो, शेवटचं सामान विकायचं कामही त्याच्याच गळ्यात. केस पांढरे, पोट सुटलेलं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"या, दिगंबरराव," तो म्हणाला.

"दाखवा, काय आहे ते," मी म्हटलं.

रिकाम्या मजल्यावर आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. मी खुर्च्या फिरवून बघितल्या. कपाटांचे खण ओढले. मिटिंगच्या मोठ्या टेबलापाशी आलो, ते हलवलं, खाली वाकून बघितलं, आणि उसासा टाकला.

"टाकू नकोस," सुधाकर म्हणाला. "तो उसासा मीच तुला शिकवलाय. मूळचा माझ्या आजोबांचा, गुरांच्या बाजारातला."

"तुझे आजोबा बैल विकायचे. हे टेबल आहे. याच्या पायाला भेग आहे."

"भेग नाही, डिझाइन आहे."

"डिझाइनला पैसे वेगळे पडतात का?"

"सात वर्षांनी भेटतोयस, आणि टेबलाच्या पायाशी भांडतोयस."

"मग काय करू? तू मला मदत करतोयस ना? कर. भाव उतरव."

'मदत' हा शब्द तोंडातून गेला. त्यानं ओळखपत्र काढून खिशात घातलं. "तेच धरून बसलायस होय," तो म्हणाला. "दिग्या, मंडळाच्या त्या लोकांत टाय लावून उभा होतो. इतकी वर्षं काय करत होतास, असं विचारलं त्यांनी. टेबलं उचलत होतो असं सांगायची लाज वाटली. तुझी नव्हे रे, माझी. तुला आधी सांगायला येणार होतो. दोनदा तुझ्या दाराशी येऊन परत गेलो."

"बेल होती दाराला."

"होती."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. जुन्या फर्निचरसारखं झालं. वस्तू तीच, वजन तेवढंच, फक्त तिचा भाव उतरला. मी विचारलं, "हे टेबल या दारातून जाईल का?"

"आडवं करून जाईल."

"माझी माणसं उद्या येतील."

"उद्या कशाला? बघू या ना."

त्यानं एक कड धरली. मी दुसरी. त्याच्याकडे तोंड करून मी कधी उलटा चालायला लागलो ते कळलंच नाही. "डावीकडे," तो म्हणाला. "थांब. आता उंबऱ्याची पट्टी आहे, पाय उचल." मी पाय उचलला. टेबल दारातून बाहेर आलं. दोघंही धापा टाकत होतो, तो माझ्यापेक्षा जास्त, आणि याचं मला समाधान वाटलं.

"जेवलंस?" मी विचारलं. मालवणीत बोलून मला किती वर्षं झाली होती.

"नाय अजून."

मी त्याला मावशींच्या हॉटेलाचा पत्ता सांगितला. त्याला इमारतवाल्यांकडे किल्ल्या द्यायच्या होत्या. "तू हो पुढे," तो म्हणाला. "येतोच."

'येतोच' म्हणणारा सुधाकर मला चांगला ठाऊक होता. मी जाऊन बसलो. मावशी आता वाकल्या आहेत, पण काउंटर त्यांचाच. दोन कप ठेवले. कॅसेट तीच. डुबकीही तीच. बाहेर पाऊस सुरू झाला, या हंगामातला पहिला, आणि शेजारच्या कपातली वाफ हळूहळू कमी होत गेली, मग दिसेनाशी झाली. माझा बांगडा आला. मी पहिला घास बाजूला काढला. पहिलं कडवं संपलं. मी दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघत होतो. दुसरं कडवं संपलं. लेडी नॉट कमिंग. माझं डोकं तापायला लागलं. हा लेकाचा पुन्हा दारापर्यंत येऊन परत गेला असणार.

दार ढकललं गेलं. ओला कोट झटकत सुधाकर आत आला, इकडे तिकडे बघून माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. समोरचा कप त्यानं आपलाच समजून उचलला आणि एक घोट घेतला.

"अरे, हा गार झालाय."

"मग वेळेवर यायचं," मी म्हटलं.

मावशी हात पुसत आल्या. त्यांनी सुधाकरकडे बघितलं, मग त्याच्या पोटाकडे, मग माझ्याकडे. एका स्वयंपाकिणीनं दुसऱ्या स्वयंपाकिणीला दाद द्यावी तशी त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग सुधाकरकडे वळून विचारलं, "लाँग ट्रिप?"

"नो, नो," सुधाकर लगबगीनं म्हणाला. "व्हेरी निअर. जस्ट थ्री सिग्नल्स."

मी मान खाली घातली आणि बांगड्याचा काटा काढत राहिलो.